राजसभेंतील नृत्य आणि गांवचें रिंगण

मनुष्यसमाज आपल्याविषयीं जें तोंडानें कबूल करीत नाहीं, तें त्याच्या नाचांत उघड दिसतें. कोण नाचतो, कोण पाहतो, नाच संपल्यावर कोण कोणाच्या पंक्तीस बसतो, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या समाजाची घडण ध्यानांत येते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं मुलामुलींनीं नाचावें कीं नाहीं, हा प्रश्न पालकवर्गांत दरवर्षीं निघतो. कांहींस नाच हा कुलीनांस अशोभनीय वाटतो, तर कांहींस त्यांत विचार करण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह येथें करीत आहों.

प्रथम युरोपाकडे पाहूं. पंधराव्या व सोळाव्या शतकांत तेथें विद्यांचें पुनरुज्जीवन झालें, त्या काळीं इटली व फ्रान्स येथील राजसभांत नृत्य हें सरदारपुत्राच्या शिक्षणाचें एक अंगच होतें. १५८१ सालीं कारोझो नांवाच्या इटालियन नृत्यगुरूनें या कलेवर ग्रंथ छापिला. १५८९ सालीं फ्रान्समधील लांग्र येथील एका वृद्ध धर्मोपदेशकानें थ्वानो आर्बो हें टोपणनांव घेऊन गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पावलें कशीं टाकावीं एवढेंच नाहीं, तर स्त्रीपुढें टोपी कशी काढावी व वागण्याची रीत कशी संभाळावी हेंही आहे. ‘पावान’ नांवाच्या नृत्यांत जोडपीं संथ पावलांनीं मिरवणुकीप्रमाणें चालत. मोठ्या मानाचे पुढें, लहान मागें. ज्याला सभेंत बसण्याचा मान, तोच तेथें नाचत असे. इंग्लंडची एलिझाबेथ राणी स्वतः नाचे, आणि फ्रान्सचा चौदावा लुई तर आपल्या दरबारच्या नृत्यनाट्यांत भूमिका करी. त्यानेंच १६६१ सालीं नृत्याची राजमान्य संस्था स्थापिली. पायांच्या या शिस्तीनें राजसत्तेची शिस्तही प्रजेच्या डोळ्यांपुढें उभी राहत असे.

आतां आपल्या मराठी राजसभेकडे वळूं. तंजावरास व्यंकोजीराजांनीं सतराव्या शतकांत स्थापिलेलें भोसल्यांचें राज्य १८५५ सालापर्यंत चाललें. तेथील दुसरे सर्फोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचें नांव आम्हां मिशनशाळांतील शिक्षकांस विशेष जवळचें आहे. कारण त्यांच्या बाळपणीं त्यांचा सांभाळ व शिक्षण यांची काळजी श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्यानें वाहिली, आणि राजांनीं त्या गुरूचें संगमरवरी स्मारक करवून तें ऋण आठवणींत ठेविलें. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारच्या हातीं गेला. राजाच्या हातीं सत्ता उरली नाहीं. उरला तो दरबार, आणि त्या दरबारांत विद्या व कला यांस त्यांनीं आश्रय दिला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनीं तेथें नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम बांधिला, अलारिप्पूनें आरंभ करून तिल्लान्यानें शेवट करण्याचा, तोच आज भरतनाट्य म्हणून जगभर चालतो. खुद्द सर्फोजीराजांनीं या नृत्याकरितां मराठींत रचना केल्या. ‘कोर्वैयांचे साहित्याचे जिन्नस’ हा त्यांचा ग्रंथ सरस्वती महालाच्या संग्रहांत आहे. तमिळ देशांत, तेलुगु पदांच्या शेजारीं, मराठी शब्दांवरही पाय थिरकले, ही गोष्ट आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे?

परंतु येथेंच युरोपाच्या व आपल्या राजसभेंतील भेद ध्यानांत येतो. तंजावरास राजा पदें रची, परंतु पायांत चाळ बांधी ती दुसरी. ती एका ठराविक समाजाची कन्या असे. कित्येकींस लहानपणींच देवळास वाहिलेलें असे. तिला विद्या असे, कधीं कधीं इनामही मिळे. परंतु इतर घरच्या मुलीप्रमाणें लग्न व संसार तिच्या नशिबीं नसे. ज्यांनीं तिची कला पाहून मान डोलाविली, त्यांनींच तिला आपल्या उंबरठ्याबाहेर ठेविलें. तेव्हां नाचास जो कलंक लागला तो पायांचा नव्हे, पाहणाऱ्यांचा होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुढें सुधारणेचा काळ आला. याच समाजांतील मातेच्या पोटीं जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनीं मुलींस देवळास वाहण्याच्या चालीविरुद्ध झुंज घेतली. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं व मद्रास प्रांतांत १९४७ सालीं ती चाल कायद्यानें बंद झाली. हें कार्य थोर झालें, यांत संशय नाहीं. त्याच सुमारास, १९३६ सालीं, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं मद्रासेस कलाक्षेत्र स्थापिलें आणि प्रतिष्ठित घरच्या मुली हें नृत्य शिकूं लागल्या. नृत्यास मान मिळाला; परंतु ज्या घराण्यांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेविलें होतें, त्यांतील बहुतेक स्त्रिया विस्मृतींत गेल्या. तंजावर दरबारच्या नर्तकीच्या वंशांतील बालसरस्वती (१९१८ ते १९८४) यांच्यासारखी एखादीच जगासमोर टिकून राहिली. कला घरांत घेतली आणि कलावंतीण दारांत उभी ठेविली, असा हा प्रकार झाला.

आमच्या ख्रिस्ती बांधवांपैकीं कोणी म्हणतील कीं पवित्र शास्त्रांत नाचाची निंदा आहे. त्यांनीं शास्त्र पुनः उघडून पाहावें. हेरोदाच्या मेजवानींत हेरोदियेची कन्या नाचली व त्यापायीं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर गेलें, हें खरें. पण तें पाप राजाच्या बढाईचें आणि आईच्या सूडाचें होतें. दुसरीकडे तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन नाचली, आणि कराराचा कोश यरुशलेमेस आणतांना दावीद राजा भर रस्त्यांत लोकांमध्यें नाचला. मीखलेनें खिडकींतून पाहून त्याचा तिरस्कार केला, कां? तर राजानें दासींच्या देखत आपली प्रतिष्ठा सोडली म्हणून. दाविदास त्याची खंत वाटली नाहीं. शास्त्राचा कौल कोणत्या बाजूस आहे, हें निराळें सांगावयास नको.

आतां आपल्या अकोले तालुक्यांत येऊं. राजूरच्या पलीकडे, हरिश्चंद्रगड, रतनगड व कळसूबाई यांच्या खोऱ्यांत महादेव कोळी व ठाकर बांधवांचीं गांवें आहेत. तेथें ढोल वाजला कीं कांबड नाचाचें रिंगण धरतें; कांहीं गांवीं बोहाड्यांत देवादिकांचीं सोंगें संबळाच्या तालावर नाचत येतात. तेथें सिंहासन नाहीं, बिदागी देणारा धनी नाहीं. रिंगणास पुढची व मागची बाजू नसते. कोणाचें पाऊल पहिलें व कोणाचें शेवटचें, हें सांगतां येत नाहीं. युरोपच्या राजसभेंत मानकरी नाचले, तंजावरास मानकऱ्यांनीं पाहिलें; या डोंगरांत गांव नाचतें आणि गांवच पाहतें. समतेचा हा धडा पुस्तकांत शोधण्याचें आपणांस कारण नाहीं.

आणि तरीही त्याच गांवांतून आमच्या शाळेंत येणारा मुलगा संमेलनाच्या वेळीं आपला नाच लपवितो. चित्रपटांतील गाण्यावर हातवारे करण्यास तो पुढें येतो. आजोबांचा ढोल सांगावयास लाजतो. ही लाज त्याला कोणी शिकविली? आपणच, आपल्या हंसण्यानें व आपल्या मौनानें. मीखलेची खिडकी आपल्याही घरास आहे.

सबब आमची सूचना अशी. संमेलनांत रिंगणास जागा असावी. परंतु उसना पोषाख चढवून इतर मुलांनीं तें वठविण्यापुरती नव्हे. तसें केल्यास मद्रासेकडील चूक आपण येथें पुनः करूं. ज्यांचा नाच आहे त्यांनींच तो शिकवावा. गांवच्या जाणत्या ढोलकऱ्यास गुरु म्हणून व्यासपीठावर मानानें बसवावें. आणि शिक्षकांचीं, व्यापाऱ्यांचीं व बागाईतदारांचीं मुलें त्याच रिंगणांत शिरून पाऊल धरण्यास शिकावीं. पालकांनीं मुलास नाचतांना पाहून नाक मुरडण्यापूर्वीं एवढेंच पाहावें कीं, त्याच्या दोहों बाजूंस कोणकोण उभें आहे. तेथें तालुक्यांतील सर्व घरचीं मुलें दिसलीं, तर शाळेनें आपलें काम केलें असें आम्ही समजूं.