कोटाखालील पिस्तूल

टेक्सास राज्यातील डॅलस किंवा ह्यूस्टन येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलाकडे राहून आलेले मराठी आईवडील तेथील रुंद रस्त्यांचे आणि प्रशस्त घरांचे कौतुकाने वर्णन करतात. कार्यालयांच्या काचेच्या दारांवर लावलेल्या एका पाटीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. परवानाधारकाने लपविलेले पिस्तूल घेऊन आत येऊ नये, असा मजकूर त्या पाटीवर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत लिहिलेला असतो. शब्द कोणते असावेत आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची असावीत, हेही तेथील कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. जेथे अशी पाटी नाही आणि मालकाने अन्य मार्गानेही मनाई केलेली नाही, तेथे शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या इस्त्रीच्या कोटाखाली भरलेले पिस्तूल असू शकते, आणि ते कायदेशीर असते. ज्या मालकाने मनाई केली आहे, त्यालाही वाहनतळावरील कुलूपबंद मोटारीत पिस्तूल ठेवण्यापासून आपल्या कर्मचाऱ्यांना २०११ सालापासून सहसा रोखता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाला मात्र संघराज्याचा कायदा, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, शस्त्र बाळगू देत नाही. शेजाऱ्याच्या संयमावर विसंबून राहणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

हा संयम कितपत भरवशाचा आहे, हाच या विषयातील खरा प्रश्न होय. शस्त्र लपविण्याची कला अमेरिकेत पुष्कळ पुढे गेली आहे. कमरेच्या आतल्या बाजूस, उजव्या नितंबाच्या थोडे मागे बसणारे होल्स्टर, वजनाने न वाकणारा दुपदरी चामड्याचा पट्टा, कमरेपाशी थोडा सैल शिवलेला गडद रंगाचा कोट, हा तेथील पिस्तूलधारी व्यावसायिकाचा रूढ पेहराव आहे. खाली पडलेली लेखणी उचलताना त्याला कमरेत वाकता येत नाही. कोटाची मागची बाजू ताणली जाऊन शस्त्राचा आकार उमटतो, म्हणून गुडघ्यात वाकावे लागते. सभागृहात कितीही उकडले तरी कोट काढून खुर्चीवर टाकता येत नाही. कुणी स्नेहाने आलिंगन द्यायला पुढे आले की हात आधी कमरेपाशी जातो. शिंप्याला कोटाचे अस्तर त्याच जागी वारंवार बदलावे लागते. जो मनुष्य दिवसाचे दहा तास अशी सावधगिरी बाळगतो, तो बेफिकीर असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि ही सारी सावधगिरी शस्त्र इतरांना दिसू नये यासाठीची आहे. ते केव्हा बाहेर काढू नये याचे शिक्षण कोणताही शिंपी कोटात शिवून देत नाही.

गंमत अशी की, शस्त्र लपविणे हे दोनशे वर्षांपूर्वी त्याच देशात नामर्दपणाचे लक्षण मानले जात होते. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ साली लपविलेली शस्त्रे बाळगण्यास बंदी करणारे कायदे केले. सज्जन मनुष्य शस्त्र उघडपणे कमरेला लावतो, लपवतो तो दगाबाज, अशी त्यामागील समजूत होती. वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात १४ एप्रिल १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्यावर मागून गोळी झाडणाऱ्या नटाजवळ खिशात मावणारे छोटेसे पिस्तूलच होते. काळाच्या ओघात ही समजूत पुरती उलटली. आज भर बाजारात उघडे पिस्तूल लावून हिंडणारा असभ्य ठरतो आणि ते कोटाखाली झाकणारा सुसंस्कृत मानला जातो. पात्र अर्जदाराला परवाना नाकारण्याचे अधिकाऱ्याचे स्वातंत्र्य काढून घेणारा फ्लॉरिडाचा कायदा १९८७ साली आला आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. लपविलेले शस्त्र बाळगण्यास कोणत्याही स्वरूपात मुभा न देणारे शेवटचे राज्य इलिनॉय. त्यानेही २०१३ साली कायदा बदलला. ‘विशेष कारण दाखवा, मग परवाना देऊ’ ही न्यूयॉर्कची अट सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मताने घटनाबाह्य ठरविली. २०२४ सालापर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली होती.

या बदलामागे केवळ शस्त्रविक्रेत्यांचे कारस्थान आहे असे समजणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधील किलीन या गावी एका माथेफिरूने आपली गाडी थेट एका उपाहारगृहात घुसवली आणि जेवायला बसलेल्या २३ जणांना ठार केले. सुझॅना हप ही तरुण वैद्यक-व्यावसायिक तेथे आपल्या आईवडिलांसमवेत जेवत होती. तिच्याजवळ रिव्हॉल्व्हर होते. पण लपवून शस्त्र नेल्यास गुन्हा होईल आणि व्यवसायाचा परवाना जाईल, या भीतीने तिने ते बाहेर मोटारीत ठेवले होते. मारेकऱ्यावर धावून गेलेले वडील तिच्या डोळ्यांदेखत पडले. आई पतीला सोडून पळाली नाही. तीही मारली गेली. कायदा पाळल्याची ही किंमत मोजलेल्या त्या मुलीने पुढे टेक्सासच्या विधिमंडळात निवडून येऊन शस्त्रधारणेच्या हक्काचा पुरस्कार केला. तिचा युक्तिवाद कुणाला पटो वा न पटो, तिच्यासमोर उभे राहून उपदेश करण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. २०२२ च्या जुलैमध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनवुड येथील बाजारसंकुलात बंदूकधाऱ्याने तिघांना मारले, तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्याजवळील पिस्तुलातून १० गोळ्या झाडून १५ सेकंदांत त्याला आडवे केले. त्यांपैकी ८ गोळ्या लागल्या. नेमबाजी त्याला आजोबांनी शिकवली होती.

आजोबांची ही शिकवणी कायद्याने मात्र क्रमाक्रमाने मोडीत काढली. टेक्सासने १९९५ साली परवान्याची पद्धत सुरू केली तेव्हा अर्जदाराला १० ते १५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. शस्त्र हाताळण्याबरोबरच भांडण कसे टाळावे आणि बळाचा वापर कायद्याने केव्हा समर्थनीय ठरतो, हेही त्यात शिकवले जाई. २०१३ साली हे प्रशिक्षण ४ ते ६ तासांवर आले. २०२१ साली परवानाच ऐच्छिक झाल्यावर प्रशिक्षणाची सक्तीही संपली. पिस्तुले आकाराने लहान होत गेली, होल्स्टर अधिक बेमालूम झाले आणि धारकाकडून मागितली जाणारी शिस्त शून्यावर येऊन ठेपली, अशी ही विचित्र वाटचाल आहे.

प्रशिक्षित मनुष्याचाही तोल कसा जातो, याचे उदाहरण फ्लॉरिडातच घडले. १३ जानेवारी २०१४ रोजी वेस्ली चॅपल येथील चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला एक ७१ वर्षांचे निवृत्त पोलीस अधिकारी पत्नीसह आले होते. पुढच्या रांगेतील तरुण पिता भ्रमणध्वनीवर संदेश पाठवीत होता. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि त्या तरुणाने मक्याच्या लाह्यांचे पाकीट वृद्धाच्या अंगावर फेकले. वृद्धाने खिशातील पिस्तूल काढून गोळी झाडली. तरुण मेला. आपल्यावर हल्ला होत आहे असे वाटल्याने गोळी झाडली, हा बचाव २०२२ साली ज्यूरीने मान्य केला आणि आरोपी निर्दोष सुटला. न्यायालयाच्या निर्णयाविषयी येथे काही म्हणायचे नाही. पण खिशात पिस्तूल नसते तर त्या दुपारी काय झाले असते, याचा विचार कुणीही करू शकेल. फार तर दोन माणसे हातघाईवर आली असती आणि व्यवस्थापकाने दोघांनाही बाहेर काढले असते. कोटाखाली शस्त्र घेऊन निघणाऱ्याने त्या दिवसापुरता रागावण्याचा, मद्य घेण्याचा आणि वादात शेवटचा शब्द आपला ठेवण्याचा हक्क सोडलेला असतो. अमेरिकेतील जाणते प्रशिक्षक हेच सांगत आले आहेत. अडचण इतकीच की त्यांच्याकडे जाण्याची सक्ती आता बहुतेक राज्यांत उरलेली नाही.

हेतू निर्मळ असून भागत नाही, हेही तितकेच खरे. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतील अर्व्हाडा येथे एका पोलिसाची हत्या करणाऱ्याला चाळीस वर्षांच्या एका नागरिकाने आपल्या पिस्तुलाने ठार केले. मग त्याने मारेकऱ्याची रायफल उचलली. धावत आलेल्या दुसऱ्या पोलिसाला हाती रायफल असलेला एक अनोळखी मनुष्य तेवढा दिसला आणि त्याने गोळी घातली. ज्याने गाव वाचवले तो असा पोलिसाच्या गोळीने गेला. साध्या वेशातील शस्त्रधारी मनुष्य मित्र आहे की शत्रू, हे ओळखण्याची खूण कुठल्याच पेहरावावर नसते.

आणि सवय ही तर याहून घातक गोष्ट आहे. रोजच्या वापरातील वस्तूची जाणीव हळूहळू बोथट होत जाते. चष्मा डोळ्यांवर असताना शोधावा, तशी. अमेरिकी विमानतळांवरील सुरक्षा तपासणीत २०२४ या एका वर्षात ६,६७८ पिस्तुले आणि अन्य बंदुका सापडल्या. त्यांतील सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या. ‘पिशवीत आहे हे विसरलो’ हे उत्तर तेथील तपासनिसांच्या रोजच्या ऐकण्यातले आहे. २०१४ च्या डिसेंबर अखेरीस आयडाहो राज्यातील हेडन येथे एक तरुण शास्त्रज्ञ माता आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात गेली. पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली पर्स तिला पतीने नुकतीच नाताळची भेट म्हणून दिली होती. सामान घेताना मुलाचा हात त्या कप्प्यात गेला, गोळी सुटली आणि ती जागीच ठार झाली. तिला पिस्तूल चालविता येत होते, परवाना होता, पर्स खास त्यासाठीच बनविलेली होती. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४६,७०० माणसे मेली; त्यांपैकी सुमारे २७,३०० जणांनी ती स्वतःवरच झाडली होती. बाहेरच्या शत्रूसाठी घरात आणलेल्या शस्त्राचा रोख कुठे वळतो, ते या आकड्यांवरून दिसते.

युनायटेड हेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन थॉम्पसन यांची ४ डिसेंबर २०२४ रोजी पहाटे न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हत्या झाली आणि कोटधारी वर्ग हादरला. बैठकीला पायी निघालेल्या थॉम्पसन यांच्यावर गोळ्या मागून आल्या. त्यांच्या कमरेला पिस्तूल असते तरी ते हाती यायला वेळ मिळाला नसता.

भारतीय वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १८७८ साली लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा करून भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. तो अपमान राष्ट्रीय चळवळ कधी विसरली नाही. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा करून त्याला मूठमाती दिली, पण परवान्याची चौकट ठेवली आणि ती शहाणपणाची होती. २०१६ च्या नियमावलीप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे कोटाखालचे पिस्तूल भारतातही आहेच. फक्त ते मोजक्यांकडे आहे. परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. विशेष परवानगीवाचून जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. कागदावर ही व्यवस्था टेक्सासपेक्षा किती तरी चोख आहे.

तरीही २२ एप्रिल २००६ ची सकाळ महाराष्ट्राला विसरता येत नाही. प्रमोद महाजन यांच्या वरळीच्या घरी त्यांचे धाकटे बंधू आले, बोलायला बसले आणि त्यांनी तीन गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचे होते. महाजनांचे ३ मे रोजी निधन झाले. घरात येणाऱ्या भावाची झडती कोण घेणार? २०२४ च्या फेब्रुवारीत दहिसर येथे अभिषेक घोसाळकर या माजी नगरसेवकाची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे निघाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. वैर, हलगर्जी आणि अपघात, तिन्ही ठिकाणी शस्त्र मात्र परवान्याचेच होते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच झाले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, याची चर्चा कमी झाली. पाच वर्षांत माणसाचा धंदा बुडतो, भावाभावांत जमिनीचे खटले उभे राहतात, दारू लागते, खिन्नता ग्रासते. अर्जाच्या वेळी पोलीस चौकशी होते. नंतर नूतनीकरणाचा दिवस येईपर्यंत त्या घराचे दार सहसा कुणी ठोठावत नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांनी आपल्या क्षेत्रातील परवानाधारकांची वर्षातून एकदा तरी घरी जाऊन विचारपूस करण्याचे ठरविले, तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज पडणार नाही. ती विचारपूस परवानाधारकापुरती न ठेवता त्याच्या पत्नीकडे आणि भावांकडेही करावी.