तापीकाठच्या माणसाने कांदळवन का पाहावे?

बुऱ्हाणपूरच्या माणसाला समुद्राच्या चिखलाशी काय कर्तव्य, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी परवा केला. निमित्त असे, की लग्नकार्यासाठी मुंबईस जाणे झाले आणि एक सकाळ मोकळी सापडताच आम्ही सिद्धिविनायक व चौपाटी सोडून ऐरोलीच्या खाडीकाठी गेलो. तेथे महाराष्ट्र वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्र २०१७ पासून चालू आहे. हे ऐकून स्नेही मनसोक्त हसले. त्यांचा दोष नाही. इकडच्या आपल्या जुन्या घरांतला पाहुणा मुंबईस गेला की देवदर्शन करतो, खरेदी करतो, समुद्राला लांबून नमस्कार करतो आणि परततो. चिखलात उभे असलेले रान पाहण्याची चाल आपल्यात नाही.

पण ते रान पाहण्याजोगे आहे. तिवराची मुळे जमिनीतून वर येतात आणि ओहोटीच्या वेळी शेकडो बोटांसारखी हवेत उभी राहतात. त्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाडाने मुळांनी श्वास घेण्याची सोय केली. अंगात शिरलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. चांगले लांबट रोप झाल्यावर मगच ते आईला सोडून चिखलात उतरते. भरतीच्या पाण्यात कोवळे बी टिकणार नाही, हे त्या झाडाला कोणी शिकवले?

अशा रानाला आपण पिढ्यान् पिढ्या पडीक जागा म्हणत आलो. माहीमचे निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले, त्यापूर्वी तेथे शहराचा कचरा पडत असे. मिठी नदीच्या काठचे पाणथळ भराव घालून आवळले गेले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने आपली जागा परत मागितली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस अटकाव केला आणि २०१८ मध्ये तो कायम केला. ठाणे खाडीतील सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले; त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आहे. २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. शहाणपण उशिरा आले, पण आले.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. मुलताईला उगम पावणारी आपली तापी सातशेवर किलोमीटर चालून सुरतेपुढे खंबातच्या आखाताला मिळते. कांदळवन वाढते ते गोडे पाणी व खारे पाणी जेथे भेटते तेथे, आणि नदीने आणून टाकलेल्या गाळावर. हा गाळ म्हणजे सातपुड्याची आणि आपल्या शेतांची माती. १९७२ च्या उकाई धरणाने त्यातला बराच अडविला. तरीही डोंगर आणि समुद्र यांचे नाते तुटलेले नाही. डोंगर उघडा पडला की काय होते, हे समजण्यास मात्र समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. १६१५ साली बांधलेला आपला कुंडी भंडारा सातपुड्यात मुरलेल्या पाण्यावरच जगला. पाणी मुरवायला रान लागते. त्याच रानावर गेल्या काही वर्षांत नेपानगरच्या बाजूला अतिक्रमणासाठी कुऱ्हाड चालली. आणि आपणही फार सोवळे नाही. नेपानगरच्या कारखान्याच्या कागदावर छापलेली वृत्तपत्रे आपल्याच घरांत वर्षानुवर्षे येत होती, आणि तो कागद प्रथम याच रानांतील सलई व बांबूपासून बनत असे.

भूमिहीनाला जमीन हवी, शहराला घरे हवीत, हे कोण नाकारील? पण झाडे तोडून मिळालेली जमीन पावसात वाहून गेली आणि भराव घालून उभारलेले घर पाण्यात गेले, तर त्यात गरिबाचे कोणते भले झाले? सर्वांत आधी तोच बुडतो.

ऐरोलीला एका तिवराच्या मुळांत प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली दिसली. आत झेंडूच्या वाळलेल्या माळा होत्या. कोणा श्रद्धाळू घरचे निर्माल्य. मान खाली गेली, कारण अशाच पिशव्या आमच्या घरूनही राजघाटावर वर्षानुवर्षे तापीत सोडल्या गेल्या आहेत. वडीलधाऱ्यांनी सोडल्या, आम्ही सोडल्या, आणि वर हात जोडले.

म्हणून स्नेह्यांना आमचे सांगणे एवढेच, की पुढच्या खेपेस मुंबईस जाल तेव्हा नातवंडांना एका ओहोटीच्या सकाळी ऐरोलीला न्या. परत आल्यावर त्यांना कुंडी भंडारा दाखवा. आणि निर्माल्य परसातल्या तुळशीच्या आळ्यात घाला. पिशवी घाटावर नेऊच नका.