मल्लखांबात आपली मुलं कुठे आहेत? जपानच्या स्केटिंगकडून घेण्यासारखा धडा

फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात हिवाळी ऑलिम्पिक झालं. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये जपानने सहा पदकं मिळवली. रिकू मिउरा आणि र्युइची किहारा या जोडीने सुवर्ण जिंकलं. पुरुषांत युमा कागियामाला रौप्य आणि शुन सातोला कांस्य मिळालं. महिलांत काओरी साकामोतोला रौप्य आणि सतरा वर्षांच्या आमी नाकाईला कांस्य. सांघिक प्रकारात रौप्य. पुरुषांचं सुवर्ण कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोवने नेलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. मुंबईत बर्फ पडत नाही, मग आपला काय संबंध? संबंध आहे. जपानला ही पदकं कशी मिळाली हे पाहिलं, तर आपल्या दादर-परळमधल्या एका खेळाचं पुढे काय होणार आणि त्यात आपली मुलं-मुली का दिसत नाहीत, हे दोन्ही प्रश्न नीट समजतात. तो खेळ म्हणजे मल्लखांब.

आधी जपानचा हिशेब पाहू. १९९२ साली मिदोरी इतोने ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलं. त्याच सुमारास तिथल्या स्केटिंग महासंघाने नागानो भागातल्या नोबेयामा इथे लहान मुलांची निवड शिबिरं सुरू केली. देशभरातली मुलं गोळा करायची, पारखायची आणि पुढे न्यायची, असं ते काम. २००६ साली शिझुका अराकावाने जपानला फिगर स्केटिंगचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. ती याच शिबिरांतून पुढे आली होती.

पण यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. अराकावा ज्या सेंदाई शहरात शिकली, तिथली रिंक २००४ मध्ये पैशाअभावी बंद पडली होती. तिला सुवर्ण मिळालं, तिने रिंकसाठी आवाज उठवला, आणि २००७ मध्ये ती रिंक पुन्हा उघडली. त्याच रिंकवर युझुरू हान्यू नावाचा मुलगा घडला. त्याने २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली. आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नातून त्याने त्याच रिंकला देणगी दिली. मिलानमध्ये कांस्य जिंकणारा शुन सातोही सेंदाईचाच. म्हणजे एक जागा वाचली आणि तिच्यातून पिढ्या उभ्या राहिल्या.

पुढचं भवितव्य कसं आहे? साकामोतोने २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. हा आपला शेवटचा हंगाम, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. एवढी मोठी खेळाडू निघाली की दुसऱ्या देशात पोकळी पडली असती. जपानमध्ये माओ शिमादा तयार आहे. २०२३ ते २०२५ सलग तीन वेळा ती ज्युनिअर जगज्जेती झाली, पण वय कमी पडल्याने मिलानला जाऊ शकली नाही. तिचं नाव आईवडिलांनी माओ असादा या जुन्या विजेतीवरून ठेवलं आहे. २०३० च्या ऑलिम्पिकसाठी जपानला खेळाडू शोधत बसावं लागणार नाही, ते आजच रांगेत उभे आहेत.

आता मुंबईत येऊ. फिगर स्केटिंगसारखाच कसरतीचा, लवचिकतेचा आणि पंचांच्या गुणांवर ठरणारा खेळ आपल्या शहरात आहे. मल्लखांबात खेळाडूला साधारण दीड मिनिट मिळतं. तेवढ्या वेळात खांबावर किंवा दोरीवर उड्या, आसनं, मनोरे, पकडी दाखवायच्या. कसरत किती अवघड होती, किती सफाईने झाली, चढणं-उतरणं कसं होतं, यावर गुण पडतात. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे त्याचे तीन मुख्य प्रकार. दोरीचा प्रकार मुली जास्त करतात.

या खेळाचा आंतरराष्ट्रीय हिशेब काय सांगतो? १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याची प्रात्यक्षिकं दाखवली होती. १९८१ साली राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा थेट दादरच्या शिवाजी पार्कवर भरली. अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांचे खेळाडू आले होते. स्पर्धेमागे श्री समर्थ व्यायाम मंदिर आणि उदय देशपांडे यांची अनेक वर्षांची मेहनत होती. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरी जागतिक स्पर्धा २०२३ मध्ये भूतानमध्ये झाली. मुंबईच्या हिमानी परबला २०२१ चा आणि सागर ओव्हाळकरला २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खेलो इंडिया आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, दोन्हींत मल्लखांबाचा समावेश झाला आहे.

ऐकायला छान वाटतं. पण स्पष्ट बोलायचं तर भारत या खेळात जिंकतो, कारण त्याच्यासमोर तुल्यबळ कुणी उभंच नाही. येत्या सप्टेंबरमध्ये आशियाई स्पर्धा जपानच्या आइची-नागोया इथे होणार आहेत. नागोया म्हणजे मिदोरी इतो, माओ असादा आणि शोमा उनो या स्केटरांचं गाव. तिथे आपली कबड्डी पदकासाठी असेल, योगासनं प्रात्यक्षिक प्रकार म्हणून असतील. मल्लखांब नसेल. योगासनं आशियाई पातळीवर पोहोचली, कारण ती अनेक देशांत केली जातात. मल्लखांबाला तिथे जायचं तर तो बाहेरच्या देशांत रुजायला हवा, आणि त्याआधी आपल्याच देशात सगळ्यांचा व्हायला हवा. एखादा खेळ ठरावीक वस्त्यांतच राहिला तर तो परंपरा म्हणून टिकतो, पण जागतिक खेळ होत नाही.

सगळ्यांचा होणं शक्य आहे का? आहे. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुली दोरीचा मल्लखांब शिकल्या. दिसत नसताना दोरीवर चढून त्या आसनं करतात. छत्तीसगडच्या अबूझमाडमधली आदिवासी मुलं तर याहून पुढे गेली. नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीने २०२३ मध्ये टीव्हीवरच्या ‘इंडियाज गॉट टॅलेंट’चं विजेतेपद मिळवलं. या मुलांच्या आजोबा-पणजोबांनी मल्लखांब पाहिलाही नसेल. त्यांना कुणीतरी शिकवलं, रोज सराव करून घेतला, एवढंच झालं.

मग भायखळा, नागपाडा, मदनपुरा, डोंगरी इथल्या मुलांचं काय? भायखळ्याहून दादर लोकलने चार स्टेशनं आहे. चिंचपोकळी, करी रोड, परळ, की दादर आलंच. अबूझमाडच्या जंगलातून निघालेली मुलं मुंबईच्या टीव्हीपर्यंत आली, आणि आपली मुलं चार स्टेशनं ओलांडत नाहीत. हे कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. कारणं खरी आहेत, ती एकेक करून बघू.

पहिलं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. मल्लखांबाच्या उगमाची जी कथा सांगितली जाते, ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातली. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले, त्यांना बाळंभटदादा देवधरांनी हरवलं, आणि ती तयारी लाकडी खांबावर झाली होती, अशी ती कथा. म्हणजे या खेळाच्या गोष्टीत आपली नावं येतात ती हरणाऱ्यांची. त्यातून व्यायामशाळेत मारुतीची तसबीर असते, सुरुवातीला नमस्कार असतो. घरात प्रश्न येतो, आपल्या मुलाने तिथे काय करायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूरच्या तालमींत मुस्लिम पैलवान पिढ्यान्‌पिढ्या घडले. आपला दीन सांभाळून ते लाल मातीत उतरले, वस्तादांनीही त्यांना सामावून घेतलं. आधी जाऊन प्रशिक्षकांशी बोलावं, आपली अडचण मोकळेपणाने सांगावी. न विचारताच दार बंद आहे असं धरून चालणं, यात नुकसान आपलंच आहे.

दुसरं कारण कपड्यांचं, आणि ते मुलींच्या बाबतीत मोठं आहे. मल्लखांबात पकड महत्त्वाची, त्यामुळे पोशाख तोकडा किंवा अंगाला घट्ट असतो. सातवी-आठवीपर्यंत खेळणारी मुलगी त्यानंतर मैदानातून नाहीशी होते, हे शाळेत शिकवताना दरवर्षी दिसतं. इथे पुन्हा बर्फाकडे बघू. संयुक्त अरब अमिरातीची झहरा लारी हिजाब घालून स्केटिंग करायची. २०१२ मध्ये इटलीतल्या एका स्पर्धेत डोक्यावरच्या कापडामुळे तिचे गुण कापले गेले. तिने खेळ सोडला नाही आणि हिजाबही सोडला नाही. तिच्या देशाने आंतरराष्ट्रीय संघटनेकडे म्हणणं मांडलं आणि तो अडथळा दूर झाला. २०१७ मध्ये जपानच्याच सप्पोरो शहरातल्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती हिजाबसह उतरली. फुटबॉलने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलने २०१७ मध्ये डोकं झाकण्याला परवानगी दिली. हे सगळं झालं कारण आधी मुली खेळत होत्या. मल्लखांबात कोणता पोशाख चालेल, दोरीवर सुरक्षित काय, केवळ मुलींची बॅच मिळेल का, हे विचारायला आधी दहा-वीस मुली तरी तिथे असायला हव्यात.

तिसरं कारण आपलं नेहमीचं, “यातून मिळणार काय? अभ्यास बुडेल.” पालकांचा हा हिशेब मी चुकीचा म्हणणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहून मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांना प्रत्येक तासाचा विचार करावा लागतो. पण माहिती तरी पूर्ण असावी. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या खेळाला, कोणत्या पातळीच्या स्पर्धेला काय मिळतं, हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारता येतं. क्रिकेटमध्ये हजारो मुलांतून एक वर जातो. मल्लखांबात गर्दी कमी आहे, साहित्याचा खर्चही थोडा. एक दोरी किंवा एक खांब, खाली गादी आणि जाणता प्रशिक्षक एवढं पुरतं.

आपल्या मोहल्ल्यातून हे घडू शकतं याचा पुरावा हवा असेल तर नागपाड्याच्या बास्केटबॉलकडे बघा. नागपाडा नेबरहूड हाऊसच्या एका कोर्टाने भारताला खेळाडू दिले. त्यातले अब्बास मुंतासिर भारताचे कप्तान झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तिथल्या मुलांना आधी कुणी बास्केटबॉलची परंपरा दिली नव्हती. घराजवळ कोर्ट होतं, शिकवणारे होते, मोठी मुलं लहानांना खेळात घेत होती. सेंदाईच्या रिंकने जे केलं, तेच आपल्या नागपाड्यात एका कोर्टाने केलं.

म्हणून काय करता येईल ते सांगते. एक, आपल्या अंजुमनी आणि ट्रस्टच्या शाळांनी एक दोरी आणि एक गादी घ्यावी, आणि आठवड्यातून दोन दिवस दादरच्या प्रशिक्षकांना बोलवावं. मुलांनी तिकडे जावं आणि प्रशिक्षकांनी इकडे यावं, दोन्ही रस्ते चालू राहावेत. दोन, मुलींसाठी महिला प्रशिक्षक मागाव्यात. दोरीवर तयार झालेल्या मुली मुंबईत आहेत, त्यांनाही काम मिळेल. तीन, जमातींच्या गुणगौरव समारंभात टक्केवारीबरोबर तालुका-जिल्हा पातळीवर खेळलेल्या मुलांनाही मंचावर बोलवावं. आणि मल्लखांबाच्या संघटनांनाही विनंती आहे. जग जिंकायला निघताना चार स्टेशनांवरच्या उर्दू शाळांतही एक प्रात्यक्षिक ठेवा. जपानने गुणी मुलं येण्याची वाट पाहिली नाही, ते शोधत गेले.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे पैलवान घडवायची जागा. अरबीतून आलेला शब्द एकच. आपण मुलांना त्याचा पहिला अर्थ देण्यासाठी जिवाचं रान करतो आणि दुसरा विसरून जातो. आता उन्हाळ्याची सुट्टी लागते आहे, दादर-परळच्या व्यायामशाळांत शिबिरं सुरू होतील. एखाद्या संध्याकाळी मुला-मुलींना घेऊन शिवाजी पार्कला जा, अर्धा तास उभं राहून खेळ बघा. मूल स्वतःहून “मी करू का?” असं म्हणालं, तर त्याच दिवशी चौकशी करून या.