आमच्याकडे दरड कोसळत नाही!

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला आणि झोपेतली माणसं गाडली गेली. यवतमाळात आपण टीव्हीसमोर हळहळलो, 'आपल्याकडे बरं, दरडी नाहीत' म्हणालो. तीनच दिवसांनी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा घातला. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले आणि कागदोपत्री तो नेहमीचा शब्द आला: खरडून गेलेली जमीन.

ही खरड शेताच्या बांधावर सुरू होत नाही. ती वर सुरू होते, पुसद-उमरखेडच्या, घाटंजी-झरीच्या उघड्या उतारांवर. सह्याद्रीतली दरड एका रात्रीत येते, आमची दर पावसाळ्यात बोटभर वाहते. पूस, अरुणावती, अडाण यांच्या पाण्यातून ती माती धरणात जाऊन बसते. तिच्याखाली कुणी दबत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी मेणबत्ती लावत नाही. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. योजना वाईट नाही, शेतकऱ्याला त्या गाळाचा उपयोगच होतो. पण वरचा नळ उघडा ठेवून खाली बादल्या उपसण्याला शहाणपण कसं म्हणावं?

डोंगराला स्वतःची जखम भरता येते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. खरवडलेल्या उतारावर आधी कुसळी गवत येतं, तरोटा येतो. तो वाळतो, कुजतो आणि मुरमाच्या फटीत चिमूटभर काळं साठतं. त्यात बोर, खैर, हिवर रुजतात. खैर-हिवराच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. पळस आणि साग तर तोडले तरी खालून फुटतात. उजाड वाटणाऱ्या कित्येक टेकड्यांच्या पोटात मुळांचं असं जिवंत जाळं असतं, वर येऊ पाहणारं. पाला पडत राहिला, पाणी मुरत राहिलं, तर दोन-तीन दशकांत कस परतू लागतो. डोंगर मागतो काय? आग नको, काही पावसाळे मोकाट गुरं नकोत, जेसीबी नको.

आपण नेमकं हेच तिन्ही देतो.

एप्रिलमध्ये रात्रीच्या प्रवासात डोंगरावर आगीची माळ दिसते. तेंदूला चांगली फूट यावी, मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून लावलेली. वर्षाचा पाला एका रात्रीत राख होतो, त्याबरोबर वीतभर रोपंही. लगेच आपलं बोट कोलाम आदिवासींच्या पोडाकडे, म्हणजे वस्तीकडे वळतं. मान्य, काही काड्या तिथल्या हाताच्या असतील. पण तेंदूच्या ठेक्याचा नफा कोणत्या पोडात जातो? टेकडी कापून मुरूम नेणारा टिप्पर कोणत्या पोडातून येतो? तो मुरूम आपल्याच लेआउटच्या रस्त्यावर पसरलेला असतो. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर भूमिहीनानं पोटासाठी दोन एकर धरले, तर मी त्याला चोर म्हणणार नाही. त्याच्या आडून वीस एकर दाबणाऱ्याला मात्र आपण सत्कारात हार घालतो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. २०१२ मध्ये ग्रामसभेला १९३ हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी उजाड टेकडी राखली, झाडंही लावली. पुढे तिथलं सीताफळ मुंबईच्या बाजारात विकलं गेलं. डोंगर गावाचा झाला, तेव्हा गावानं तो सांभाळला. आपल्याकडे तो सरकारचा आहे, म्हणजे कुणाचाच नाही, म्हणजे ज्याचा टिप्पर मोठा त्याचा.

आणि आपलं प्रायश्चित्त? १ जुलै. गहुलीच्या वसंतराव नाईकांची जयंती, कृषी दिन. २०१६ मध्ये त्या एका दिवशी राज्यात दोन कोटी झाडं लावायची होती, २०१९ च्या मोहिमेत आकडा तेहतीस कोटींवर गेला. बॅनर, नारळ, फोटो. उतारावर ओळीनं खड्डे. उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, हे विचारणाऱ्याकडे सगळे रागानं बघतात. त्या खड्ड्यासाठी टिकाव मारताना एखादं जाड, ओलं मूळ मध्ये येतं. मजूर ते तोडून बाजूला फेकतो, कारण खड्ड्याचं माप ठरलेलं आहे. मूळ पळसाचं असतं.