विश्लेषण : क्रशरची भुकटी वऱ्हाडातील वीटभट्ट्यांना चालेल का?

राज्य सरकारने 2025 मध्ये एम-सँड, म्हणजे कृत्रिम वाळूचे धोरण आणले. दगड जास्त फुटेल तशी वाळूतून वेगळी काढावी लागणारी भुकटीही वाढेल. अमरावती, अकोल्यातील खदानींसाठी तिचा एक संभाव्य ग्राहक जवळच आहे, तो म्हणजे वीटभट्टी.

मातीत भुकटी कशासाठी?

वऱ्हाडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच कच्च्या विटेलाही. म्हणून तिच्यात न आकसणारे काही मिसळावे लागते. राख त्यासाठी चालते आणि पारस (500 मेगावॉट) व नांदगाव पेठ (1350 मेगावॉट) येथील वीज प्रकल्पांमुळे ती जवळ आहे. शिवाय केंद्राच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार न वापरलेल्या राखेसाठी प्रकल्पाला टनामागे 1000 रुपये भरपाई आकारली जाते. त्यामुळे राख खपवण्याची घाई प्रकल्पालाच असते. खदानीच्या भुकटीमागे असा कोणताही रेटा नाही.

अडचण कुठे आहे?

ग्रॅनाइटच्या भुकटीत क्वार्ट्झ असतो. 573 अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान एकदम बदलते आणि वीट थंड होताना तडकू शकते. आपल्या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, तो नगण्य असतो, हा मोठाच फायदा. पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत अनेकदा कॅल्साइटचे पांढरे खडे असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो आणि नंतर पाणी लागले की तो फुगून विटेचा टवका उडवतो. काळ्या मातीतील चुनखडीचा हा त्रास भट्टीवाल्यांना नवा नाही. न चाळलेली भुकटी त्यात भरच घालेल. कवेलू पातळ असल्याने तिथे ती आणखी बारीक हवी.

दुसरे म्हणजे बेसॉल्ट वितळायला साधारण 1100 अंशांहून अधिक ताप लागतो. साध्या भट्टीत तेवढा मिळत नाही. म्हणजे भुकटी भेगा रोखेल, पण मजबुती देणार नाही. प्रमाण वाढले की वीट ठिसूळ होईल.

परवडेल का?

हजार विटांना अंदाजे अडीच ते तीन टन माती लागते. 10 टक्के भुकटी घातली तर अडीचशे ते तीनशे किलो माती वाचते. खदान लांब असेल तर ही बचत डिझेलमध्येच जाईल. त्यामुळे हा प्रयोग आधी क्रशरशेजारच्या भट्ट्यांनीच करावा. वेगवेगळ्या प्रमाणाचे छोटे घाण भाजून विटा प्रयोगशाळेत द्याव्यात. आयएस 1077 नुसार सर्वांत खालच्या वर्गाच्या विटेलाही प्रति चौरस मिलिमीटर 3.5 न्यूटन दाब सोसावा लागतो आणि तिने 20 टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये.