मिरगाची वाट पाहणारा ॲपवाला

जून उजाडला की आपल्या भागात सगळ्यांची नजर आभाळाकडे. मराठी घरात मिरग, कन्नड घरात मृगशिरा. ढग मात्र तेच. याच महिन्यात आणखी काही मंडळी अशीच वाट पाहत असतात, फक्त त्यांचं तोंड अमेरिकेकडे असतं. ही मंडळी म्हणजे एकट्याच्या बळावर मोबाइलची ॲप्स बनवणारे तरुण.

माझी बहीण इंदूरला दिली आहे. तिचा मुलगा याच धंद्यात आहे. नोकरी नाही, घरातली एक खोली, एक संगणक आणि टेबलावर तीन जुने फोन एवढाच संसार. पोटासाठी तो इंदूरच्या दुकानदारांना ॲप्स करून देतो. उरलेल्या वेळात मुलांसाठी मराठी-कन्नड शब्दांचं एक ॲप बनवतो आहे. चित्रावर बोट ठेवलं की आधी ‘मांजर’ ऐकू येतं, मग ‘बेक्कु’. आईचं माहेर सीमाभागातलं, त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या कानावर लहानपणापासून आहेत.

इंदूरला भारतीय भाषांच्या संगणकीय कामाची परंपराही आहे. ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल याच शहरातून १९९९ मध्ये सुरू झालं आणि पुढे त्यात मराठी व कन्नडही आल्या. पण तिथे मागे संस्था होती. एकट्याचं गणित वेगळं असतं.

ॲपल कंपनी दर जूनमध्ये आयफोनची पुढची प्रणाली दाखवते आणि सप्टेंबरच्या सुमारास ती नव्या फोनबरोबर लोकांच्या हाती येते. अँड्रॉइडची १६वी आवृत्ती तर २०२५ च्या जूनमध्येच बाहेर पडली. मधले तीन महिने म्हणजे या मुलांची पेरणी. नवा फोन हातात नसतो. संगणकावर त्याची नक्कल चालवून पडदा कसा दिसेल हे कळतं. पण फोन किती तापेल, बॅटरी किती खाईल, हे खरा फोन आल्याशिवाय कळत नाही. “मावशी, पंचांग त्यांचं, शेत माझं,” असं तो हसत म्हणतो.

अंदाज चुकला तर काय होतं, याचे दाखले आहेत. २०१२ मध्ये आयफोनचा पडदा लांब झाला आणि जुन्या ॲप्सच्या कडेला काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. २०१७ मध्ये पडद्याच्या माथ्यावर खाच आली. त्याच वर्षी आयफोनच्या नव्या प्रणालीवर जुन्या ३२-बिट पद्धतीची ॲप्स चालेनाशी झाली; ज्यांच्या कर्त्यांनी ती पुन्हा बांधली नाहीत, ती तिथेच संपली. २०१९ मध्ये घडीचे फोन आले, म्हणजे एकाच फोनला दोन आकार. ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ म्हणून आपलं बसमध्ये भागतं. इथे भागत नाही.

गुगलच्या दुकानाचा नियमही असाच. ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडच्या मापाला आणत राहावं लागतं. फार मागे राहिलं तर नव्या फोनवर शोधणाऱ्या नव्या माणसाला ते सापडतच नाही. सुरक्षिततेसाठी हा नियम योग्यच आहे. पण मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसं नेमलेली असतात आणि एकट्याच्या रात्री त्यात जातात. पैसा मिळतो तो जाहिरातीतून किंवा विक्रीतून, आणि विक्रीतलाही काही वाटा दुकान ठेवून घेतं. याखेरीज ॲपलची दरवर्षीची ९९ डॉलर फी वेगळीच.

मग नवं येऊच नये का? आपल्या भाषांच्या बाबतीत तरी तसं म्हणता येणार नाही. संगणकाला प्रत्येक अक्षराचा क्रमांक सांगणारी युनिकोड नावाची जागतिक यादी आहे. तिच्यात ‘ॲप’ या शब्दातलं ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे आलं २००८ साली. योगायोग असा की, ॲपल आणि गुगल या दोघांचीही ॲप्सची दुकानं त्याच वर्षी उघडली. अँड्रॉइडमध्ये कन्नड लिपीची सोय २०१२ च्या ४.१ आवृत्तीत आली. त्याआधी बऱ्याच फोनवर कन्नड मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. तेव्हा नव्याची वाट पाहणं आपल्यालाही लाभलंच आहे.

अडचण आहे ती टिकण्याची. स्थानिक शब्दकोश, ओव्यांचा संग्रह, मुलांची बाराखडी अशी लहान भाषिक ॲप्स बहुधा एखाद्या हौशी माणसाच्या जिवावर चालतात. तो थकला की एका जूनमध्ये ती मागे पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा कर्ता कोण, हे आपण विचारत नाही.

भाच्याचं ॲप अजून दुकानात आलेलं नाही. दुकानदारांची ॲप्स त्यांच्या नावावर असतात. स्वतःचं खातं त्याने आता उघडलं. नव्या वैयक्तिक खात्याला गुगलची अट अशी की, आधी किमान १२ जणांनी ॲप सलग १४ दिवस तपासणीसाठी घ्यावं, मगच ते सर्वांसाठी खुलं करण्याची परवानगी मागता येते. इंदूरला मराठी माणसं भरपूर, पण ‘बेक्कु’चा उच्चार बरोबर आहे की नाही, हे सांगणारी दोन्ही भाषांची घरं त्याला तिथे कुठून मिळणार? ती आपल्याकडे आहेत. आजीचा जुना फोन आणि नातवाचा नवा, दोन्ही एकाच घरात.

वाचकहो, आपल्या ओळखीचं एखादं पोर असं काही बनवत असेल, तर त्याच्या बारांत आपलं नाव घालावं. पंधरवड्याचं काम आहे. चूक दिसली तर त्याला कळवावी, आणि ॲप आवडलं तर चहाच्या दोन कपांएवढे पैसे द्यायला हात आखडू नये.