हॉटेलचा जाळ आणि घरचा तवा

माहीममध्ये बीफ रांधणाऱ्या घरांची वानवा नाही. सेंट मायकल चर्चच्या आसपासच्या गोवन आणि ईस्ट इंडियन घरांत रविवारी रोस्ट होतो, मखदूम शाहबाबांच्या दर्ग्याच्या परिसरातल्या घरांत निहारी आणि खिचडा शिजतो. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला आहे. तरीही याच घरांत कुणाला भाज्या घातलेले बीफ चायनीज खावेसे वाटले की पार्सलच येते. का, असे विचारले तर उत्तरे ठरलेली: कायद्याची भीती वाटते, मांस चिवट राहते, घरच्या गॅसला तो जाळ नाही, अजिनोमोटोशिवाय ती चव येत नाही आणि मुळात हा पदार्थ आपला नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. हा पदार्थ घरी होतो आणि नीट केला तर पार्सलपेक्षा सरस होतो. आधी आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप कायद्याचा. ‘महाराष्ट्रात बीफवर बंदी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. १९७६च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला मनाई केली आणि मार्च २०१५मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती मनाई वळू आणि बैलांपर्यंत वाढवली. म्हैस त्या बंदीत नाही. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेल्या म्हशीची कत्तल कायदेशीर आहे. मुंबईत परवानाधारक दुकानात बीफ म्हणून विकले जाते ते म्हशीचे मांस. तेव्हा नियम साधा: परवाना असलेल्या दुकानातून घ्यावे, पावती मागावी आणि निर्धास्तपणे शिजवावे. ज्यांना धर्माने वा मनाने हे वर्ज्य आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. पुढे सांगितलेली रीत कोंबडीला आणि मशरूमलाही लागू पडते. वाद आहे तो खाणाऱ्यांशी, जे पार्सल मागवताना घाबरत नाहीत आणि स्वतः शिजवायचे म्हटले की कायदा पुढे करतात.

दुसरा आक्षेप जिभेचा: म्हशीचे मांस चिवट. ते चिवट असते हे मान्य. कत्तलीला येणारे जनावर बहुधा वयस्क, मांसात चरबी कमी आणि धागा जाड. निहारीत आणि रोस्टमध्ये आपण ते तासन्‌तास शिजवून मऊ करतो. चायनीजमध्ये कापलेला तुकडा आचेवर दोन-तीन मिनिटेच राहतो, म्हणून मऊपणा आचेआधीच आणावा लागतो. खाटकाकडे अंडरकट मागावा. कण्याच्या खालच्या या स्नायूला जनावराच्या चालण्या-फिरण्यात फारसे काम नसते, म्हणून तो कोवळा. मांस तासभर फ्रीजरमध्ये ठेवले की घट्ट होते आणि दोन-तीन मिलिमीटरचे पातळ काप सहज निघतात. कापताना धाग्यांची दिशा बघावी आणि सुरी त्यांना आडवी चालवावी. सुरी धाग्याच्या दिशेने चालली तर लांब धागा दातांना तोडावा लागतो. आडवी चालली तर ते काम पाटावरच उरकते.

अंडरकट परवडत नसेल तर मांडीचे मांस घ्यावे आणि खाण्याच्या सोड्याची मदत घ्यावी. अर्ध्या किलोला अर्धा छोटा चमचा सोडा थोड्या पाण्यात कालवून चोळावा, वीस मिनिटांनी धुऊन मांस कोरडे करावे. सोडा मांसाच्या वरच्या थराची आम्लता घटवतो. मग आचेवर प्रथिने एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि रस आत राहतो. हात सैल सोडू नये, सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. कबाबाच्या सवयीने कच्ची पपई मात्र लावू नये. इतक्या पातळ कापांचा तिच्यामुळे लगदा होतो. शेवटी सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लावर आणि थोडे तेल चोळून ठेवावे. कॉर्नफ्लावरचा तो पातळ थर मांसाला थेट आचेपासून राखतो आणि नंतर सॉसही त्यालाच धरतो. हॉटेलातले मांस मऊ लागते ते बहुतेक याच तयारीमुळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जाळ. चायनीजच्या गाडीवरच्या भट्टीला जास्त दाबाचा गॅस मिळतो, ज्वाळा कढईच्या कडेपर्यंत चढते. घरचा रेग्युलेटर गॅस कमी दाबाने सोडतो. तेलाचे थेंब पेटून येणारा तो धुरकट वास घरी पूर्णपणे आणता येत नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण त्या एका वासापायी सगळा पदार्थ सोडून द्यायचा का? चवीचा मोठा भाग मांसावर चढणाऱ्या तांबूस रंगात असतो आणि तो घरी नक्की चढतो. चढत नाही त्याचा दोष शेगडीला देण्याआधी तव्यात काय चालले आहे ते पाहावे. अर्धा किलो मांस एकदम टाकले की तवा गार पडतो, मांसाचे पाणी सुटते आणि पाणी उडून जाईपर्यंत तिथले तापमान १०० अंशांच्या आसपास अडकते. रंग धरायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे मांस परतले जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते आणि राखाडी पडते.

आता गाडीवरच्या माणसाकडे नीट बघा. एवढी भट्टी हाताशी असूनही तो एका वेळी एक-दोन प्लेटीच करतो. आपण मात्र कमी जाळावर अख्ख्या कुटुंबाचे एका फेरीत उरकू पाहतो. खरी चूक या घाईत आहे. बिडाचा जाड तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे तापवावा. जड लोखंड उष्णता साठवून ठेवते. गोल बुडाच्या कढईपेक्षा सपाट रुंद तवा घरच्या बर्नरवर अधिक तापतो. नॉनस्टिक भांडे इतके कोरडे तापवू नये, त्याचा थर खराब होतो. मांस दीडशे ग्रॅमच्या आसपास, एका थरात पसरावे आणि मिनिटभर हलवू नये. कानाने ओळखता येते: चर्र आवाज सतत यायला हवा. तो मंदावून रटरट सुरू झाली की समजावे, गर्दी झाली. एक फेरी काढून ठेवावी, तवा पुन्हा तापू द्यावा, मग दुसरी.

चौथा आक्षेप अजिनोमोटोचा. गंमत अशी की घरी ते नको म्हणणारेच पार्सलमधून निःशंकपणे खातात. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्रशेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे केले. अजिनोमोटोतले तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असते. त्याच्याविषयीची भीती पसरली ती १९६८मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रानंतर. त्या पत्रात सांगितलेल्या लक्षणांना पुढच्या काळजीपूर्वक चाचण्यांत सातत्याने दुजोरा मिळाला नाही. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के असते. चिमूटभर घालायचे असेल तर घालावे, मीठ तेवढे कमी करावे. नको असेल तर हाडांचा रस्सा घालावा. चव त्यावाचून अडत नाही.

पाचवा आक्षेप ‘हे आपले नाही’. माझगावात चिनी वस्ती जुनी आहे, तिथले चिनी मंदिर १९१९पासून उभे आहे. शेफ नेल्सन वाँग यांच्या सांगण्यानुसार चिकन मंचुरियन त्यांनी १९७५मध्ये मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, लसूण-आले-हिरवी मिरचीच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून घडवले. गोवन घरांत बीफ चिली फ्राय होतेच: मांसाचे पातळ काप, कांदा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, व्हिनेगर, मोठी आच. या पदार्थापासून चायनीज बीफपर्यंतचे अंतर एका सोया सॉसच्या बाटलीइतके आहे. ज्या माहीमने रोस्ट आणि खिचडा एकाच वस्तीत नांदवले, त्याने या पदार्थाला परका म्हणावे हे मला पटत नाही.

आक्षेप संपले, आता मंडन. सिटीलाइट मार्केटमधून ताजी फरसबी, गाजर, कोबी, ढोबळी मिरची आणि पातीचा कांदा आणावा. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे करावे. ओली भाजी तव्यात पाणी घेऊन येते. सॉस आधीच वाटीत मिसळून ठेवावा: दोन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, चमचाभर कॉर्नफ्लावर आणि अर्धा कप रस्सा. मांस परतून बाजूला काढले की त्याच तव्यात आधी गाजर आणि फरसबी, मग कोबी आणि ढोबळी मिरची घालावी. भाजी करकरीत असतानाच लसूण-आले, मग मांस, मग वाटीतला सॉस. सॉस दाटून चकाकला की पात पेरून उतरावे. चिरण्यात तास जातो, शेगडीवरचे काम वीस मिनिटांत संपते.

या तासात घराला जे मिळते ते पार्सलमध्ये येत नाही. कोणता तुकडा घेतला, तेल किती वेळा तापले, भाजी किती आणि मांस किती, हे आपल्याला माहीत असते. पार्सलच्या डब्यात भाज्या वाफेने मऊ पडतात. घरी त्या तव्यावरून थेट ताटात येतात. आणि एकदा धाग्याला आडवे कापणे, पाणी टाळणे, फेऱ्यांत परतणे याचे हाताला वळण लागले की रोजची फरसबीची भाजीसुद्धा सुधारते. गाडीवरच्या माणसाच्या कौशल्याचा मला आदर आहे, आणि खरा आदर ते शिकून घेण्यात आहे.

तरीही ज्याला पटत नसेल त्याने एवढा एकच प्रयोग करावा. एकाच दुकानातले, एकसारखे कापलेले आणि एकसारखे मुरवलेले मांस घेऊन त्याचे दोन वाटे करावेत. एक वाटा एकदम तव्यात ओतावा, दुसरा तीन फेऱ्यांत परतावा. शेगडी तीच, गॅस तोच. दोन्ही ताटल्या शेजारी ठेवून चाखाव्यात आणि मग दोष जाळाचा की घाईचा, ते आपल्या जिभेने ठरवावे.